वृद्धाश्रमातल्या आजी-आजोबांना बांधून ठेवायचं का? ठरवताना या चुका टाळा

"आजी रात्री दोनदा पलंगावरून पडल्या. आजपासून रात्रीपुरतं बांधून ठेवतो, चालेल ना?" शुश्रूषा केंद्रातून असा फोन आला की मुलगा किंवा सून बहुतेकदा हो म्हणून मोकळी होते. नाही म्हटलं आणि उद्या खुब्याचं हाड मोडलं तर? ही भीती खोटी नाही. पण या एका होकारात बऱ्याच चुका एकदम होतात, आणि त्या संस्थेइतक्याच घरच्यांच्याही असतात.

दोरी नाही म्हणजे बांधलेलं नाही, असं धरून चालणं

ओढणीने मनगट पलंगाला बांधलं तर ते सगळ्यांना दिसतं. चादर गादीखाली घट्ट खोचणं, व्हीलचेअरचा ब्रेक लावून ती टेबलाला भिडवून ठेवणं, उठताच येणार नाही अशा खोलगट आरामखुर्चीत बसवणं, पलंगाचे दोन्ही कठडे वर करणं, हे कुणी मोजत नाही. कसोटी सोपी आहे. त्या व्यक्तीला ते मनात आलं की स्वतःच्या हाताने सोडवता येतं का? आजोबा पट्ट्याचं बकल स्वतः उघडत असतील तर प्रश्न नाही. उघडता येत नसेल तर ते बंधन, आणि मग कारण, डॉक्टरांचा आदेश, नोंद, देखरेख सगळं आलं.

पडू नयेत म्हणून बांधणं

सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. अमेरिकेत 1980च्या दशकात नर्सिंग होममधल्या साधारण 40 टक्के वृद्धांना कुठल्या ना कुठल्या प्रकारे बांधलं जात होतं. 1987च्या कायद्याने तिथे शिक्षा म्हणून किंवा कर्मचाऱ्यांच्या सोयीसाठी बांधण्यावर बंदी आली. पुढे हे प्रमाण दोन टक्क्यांच्याही खाली गेलं, आणि बांधणं कमी केल्यावर गंभीर इजा वाढल्या नाहीत असं तिथल्या अभ्यासांत दिसलं.

कारण उघड आहे. बांधलेल्या माणसाच्या पायातली ताकद काही दिवसांतच ओसरते, मग सोडलं की तो आधीपेक्षा लवकर पडतो. शिवाय पाठीला जखमा, बद्धकोष्ठता, कपड्यात लघवी आणि चिडचिड वाढते. कठड्यांचं तर उलटंच होतं. गोंधळलेली आजी कठडा बघून थांबत नाही, ती त्यावरून चढते आणि जास्त उंचीवरून पडते. गादी आणि कठड्याच्या फटीत मान अडकून किंवा छातीच्या पट्ट्यात खाली घसरून गुदमरल्याने माणसं गेली आहेत.

पडण्याची भीती असेल तर आधी पलंगाची उंची कमी करा, खाली जाड गादी अंथरा, संडासाच्या वाटेवर मंद दिवा ठेवा, चष्मा उशाशी हाताला लागेल असा ठेवा, आणि गुळगुळीत सपाता फेकून द्या.

कालपासून काय बदललं, हे न विचारणं

परवापर्यंत शांत असलेल्या आजी आज अचानक सलाईन ओढतात, भलत्याच नावाने हाका मारतात, रात्रभर उठबस करतात. याला "वय झालं" म्हणून हात बांधले तर खरा आजार झाकला जातो. वृद्धांमध्ये लघवीचा संसर्ग, न्यूमोनिया, अंगातलं पाणी किंवा सोडियम कमी होणं, तुंबलेलं पोट, न सांगता येणारं दुखणं, हे सगळं आधी गोंधळाच्या रूपानेच दिसू शकतं. ताप येईलच असं नाही. नवीन औषधं आवर्जून बघा. सर्दी-खाजेची साधी वाटणारी गोळीही या वयात भ्रम आणू शकते. प्रोस्टेट वाढलेल्या आजोबांची लघवी अडली असेल तर ते अंथरुणात स्वस्थ पडून राहणारच नाहीत. ओटीपोटावर हात ठेवला तरी फुगवटा कळतो. कानातलं यंत्र डब्यात पडून राहिलंय का, हेही बघा. पुष्कळदा गोंधळ ऐकू न आल्यानेही असतो.

आणि सवयी! आयुष्यभर एसटीची पहिली गाडी काढलेला माणूस डिमेन्शियातही (स्मृतिभ्रंशातही) पहाटे चारला उठून दाराकडे जाणारच. त्याला चहा द्या आणि अंगणात खुर्ची टाका. व्हीलचेअरमध्ये बांधलेली आजी संध्याकाळी सारखी पुढे झुकत असेल तर मावशींना विचारा, संडासला शेवटचं कधी नेलं होतं? दर दोन तासांनी नेण्याचा नेम ठेवला की ही धडपड बऱ्याचदा थांबते.

नळी वाचवायला हात अडकवणं

नाकातली नळी उपसली म्हणून हात बांधले जातात. आधी विचारा, ती नळी अजून हवी आहे का? डिमेन्शियाच्या शेवटच्या टप्प्यात नळीने अन्न देण्यापेक्षा हाताने, सावकाश, घास-घास भरवणं बरं, असं वृद्धरोगतज्ज्ञ सांगतात. लघवीची नळी तर पुष्कळदा फक्त डायपर बदलायचा त्रास वाचावा म्हणून राहिलेली असते. सलाईन हवंच असेल तर त्यावर लांब बाहीचा सदरा घाला आणि हातात जपमाळ किंवा घडी घालायला रुमाल द्या. यातून बऱ्याच वेळा निभतं.

मग कधी योग्य?

आपल्याकडच्या 2017च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम 97 इथे मोजपट्टी म्हणून चांगलं आहे. तो कायदा मानसिक आरोग्य आस्थापनांसाठी आहे, प्रत्येक वृद्धाश्रम त्यात येईलच असं नाही. पण अटी बघा: स्वतःला किंवा इतरांना तात्काळ इजा होणार आहे आणि ती टाळायला दुसरा मार्गच नाही, तेव्हाच, उपचार करणाऱ्या मनोविकारतज्ज्ञाच्या मंजुरीने, अगदी गरजेपुरत्या वेळासाठी, पद्धत, कारण आणि वेळ लगेच लिहून. शिक्षा म्हणून कधीच नाही, आणि माणसं कमी आहेत एवढ्याच कारणावरून तर नाहीच. आपल्याकडे रात्रपाळीला एक मावशी आणि वीस पलंग असतात, त्यामुळे हे शेवटचं वाक्य संस्थाचालकांना बोचतं. बोचू दे.

म्हणजे भ्रमात असलेला रुग्ण जीव वाचवणारं सलाईन उपसतोय, अँटिबायोटिकचा असर व्हायला अजून अवधी आहे, जवळ बसूनही भागत नाही, अशा वेळी काही तास बांधणं समजण्यासारखं आहे. तेव्हाही मऊ पट्टाच वापरा. पट्ट्याखाली दोन बोटं गेली पाहिजेत. पट्टा कठड्याला बांधू नका, कारण कठडा खाली केला की हात खेचला जातो. डोक्याकडची बाजू उचलल्यावर पलंगाच्या चौकटीचा जो भाग सोबत हलतो, त्याला बांधा. गाठ एका ओढीत सुटणारी हवी. 2001 साली तमिळनाडूत एरवाडी गावातल्या मनोरुग्णांच्या आश्रमाला आग लागली तेव्हा साखळ्यांनी बांधलेले मनोरुग्ण पळू शकले नाहीत. पालथं कधीही बांधू नका. बोटं गार किंवा निळी पडलीत का हे सारखं बघा. निदान दर दोन तासांनी सोडून पाणी, संडास, हातपाय हलवणं झालंच पाहिजे, आणि प्रत्येक वेळी बघा की पुन्हा बांधायची गरज उरली आहे का.

दाखल करतानाच कोऱ्या संमतीवर सही

"गरज पडल्यास बांधण्यास हरकत नाही" ही ओळ प्रवेशअर्जात असेल तर ती खोडा. संमती द्यायची ती त्या प्रसंगापुरती, कारण आणि मुदत ऐकून. उलट, घरच्यांनीच "बांधूनच ठेवा, आम्हाला चालेल" असा आग्रह धरला तरी वैद्यकीय कारण नसेल तर संस्थेने नकार द्यायला हवा. अमेरिकेतल्या नियमांचा रोखही तोच आहे.

पट्ट्याऐवजी गोळी

"आमच्याकडे कुणालाच बांधत नाहीत" असं एखादी संस्था अभिमानाने सांगते तेव्हा औषधांचा तक्ता मागा. दुपारी बारालाही आजी पेंगत असतील तर क्वेटियापिन, रिस्पेरिडोन, हॅलोपेरिडॉल या मनोविकारांवरच्या (अँटिसायकोटिक) औषधांपैकी काही चालू आहे का, कुणी लिहून दिलं आणि कधी बंद करायचं ठरलंय, हे विचारा. डिमेन्शियाच्या वृद्धांमध्ये अशा औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2005 मध्ये नव्या पिढीच्या औषधांवर दिला आणि 2008 मध्ये जुन्यांवरही. काही रुग्णांना ती खरंच लागतात, म्हणून स्वतःच्या मनाने बंद करू नका. डॉक्टरांकडून फेरतपासणीची तारीख मात्र लिहून घ्या.