पावसाळ्यानंतरचे पहिले उड्डाण आणि ग्लायडरची तपासणी: या चुका टाळा

सातारा जिल्ह्यातील पाचगणी, भिलार आणि वाई या पट्ट्यात पॅराग्लायडिंगचा हंगाम पाऊस पूर्ण ओसरल्यावर, म्हणजे साधारण ऑक्टोबरच्या अखेरीस सुरू होतो आणि मे महिन्यापर्यंत चालतो. मधले साधारण पाच महिने ग्लायडर (कापडी पंख), हार्नेस (पायलटची पट्ट्यांची बैठक) आणि रिझर्व्ह (आणीबाणीचे) पॅराशूट बॅगेत बंद असतात आणि पहिला कोरडा वारा सुटला की बॅग उचलून थेट टेक-ऑफ गाठण्याची अनेकांना घाई होते. साहित्य नुसते पडून होते, त्याला काय होणार, हा त्यामागचा समज आहे. प्रत्यक्षात ग्लायडरची बरीचशी झीज तो जमिनीवर किंवा खोलीत असतानाच होते, आणि आपल्या डोंगरांवर त्याची कारणे इतर ठिकाणांहून थोडी वेगळी आहेत.

साठवणुकीतील चुका

ग्लायडरचे कापड पातळ रिपस्टॉप, म्हणजे फाटणे पसरू नये असे विणलेल्या, नायलॉनचे असते. आधुनिक ग्लायडरमध्ये त्याचे वजन चौरस मीटरला साधारण २७ ते ४० ग्रॅम भरते आणि हवा आरपार जाऊ नये म्हणून त्यावर पॉलियुरेथेन किंवा सिलिकॉनचा लेप दिलेला असतो. ओल आणि उष्णता एकत्र आली की हा लेप हळूहळू विघटित होतो. मेअखेरच्या शेवटच्या उड्डाणानंतर, वळिवाच्या सरीत किंचित दमट झालेला ग्लायडर तसाच घडी करून ठेवला आणि नंतर पाचगणी-महाबळेश्वरच्या पावसात चार महिने भिंतीला टेकवून ठेवला, तर बुरशीचे ठिपके आणि कुबट वास या फक्त वरवरच्या खुणा असतात. खरे नुकसान लेपाचे होते आणि ते डोळ्यांना दिसत नाही. हिवाळ्यात सकाळी दवाने ओलसर झालेल्या गवतावर पसरलेल्या ग्लायडरलाही हाच नियम लागू आहे. पॅक करण्यापूर्वी तो सावलीत, हवेशीर जागी पूर्ण सुकवला पाहिजे.

पावसाळ्यासाठी ग्लायडर सैल घडी करून, जमिनीपासून उंच, कोरड्या कपाटात ठेवावा आणि अधूनमधून पावसाने उघडीप दिल्यावर बॅग उघडून हवा लागू द्यावी. बॅगेत उंदीर शिरणे ही आपल्याकडची जुनी डोकेदुखी आहे. खिशात विसरलेली शेंगदाण्याची पुडी किंवा चिक्की हार्नेसला भोक पडायला पुरेशी ठरते. त्यावर उपाय म्हणून कपाटातल्या लोकरी कपड्यांप्रमाणे ग्लायडरच्या बॅगेतही डांबरगोळ्या टाकण्याची सवय काही घरांत आहे. ती सोडून द्यावी, कारण कापडाचा लेप आणि दोऱ्या कोणत्याही रसायनापासून व त्याच्या वाफांपासून दूर ठेवायच्या असतात. याच कारणाने पेट्रोलचा डबा, रंग आणि थिनर असलेली कोठारेही साठवणीसाठी चालत नाहीत.

उन्हाळ्यात नेमकी उलटी चूक होते. बंद गाडीच्या डिकीत दिवसभर ठेवलेल्या साहित्याचे तापमान ६० अंश सेल्सिअसच्या पुढे जाऊ शकते. आवरण नसलेल्या अनेक पातळ दोऱ्या डायनिमाच्या, म्हणजे एका प्रकारच्या पॉलिथिलीनच्या असतात आणि त्यांना उष्णता सोसत नाही. त्यामुळे पोहोचल्यावर गाडीत बॅग ठेवून जेवायला जाण्यापेक्षा ती सावलीत बरोबर घेऊन बसणे परवडते.

टेक-ऑफवरील चुका

पाचगणीचे पठार जांभा खडकाचे आहे. या खडकाची तांबडी धूळ बारीक पण खरखरीत असते आणि ती ग्लायडरच्या पुढच्या कडेच्या तोंडांतून आत शिरून आतील भोकांवाटे टोकांपर्यंत सरकते. ग्राउंड हँडलिंगचा, म्हणजे जमिनीवर उभे राहून ग्लायडर हवेत सांभाळण्याचा, सराव अशा ठिकाणी तासन्तास केला, तर कापडाला एखाद्या महिन्याच्या उड्डाणांपेक्षा जास्त घासा बसतो, कारण पुढची कड पुन्हा पुन्हा जमिनीवर आपटते. तरीही हे तास नोंदवहीत लिहिणारे पायलट कमी आहेत. शक्य असेल तेव्हा गवताळ जागा निवडावी, आणि घडी घालण्यापूर्वी मागची कड वर धरून ग्लायडर झटकावा. अनेक ग्लायडरच्या टोकांना धूळ काढण्यासाठी वेल्क्रोची झडप असते. ती तिथे आहे हेच कित्येकांना ठाऊक नसते.

वाऱ्याची वाट पाहताना ग्लायडर पसरून ठेवणे ही सर्वांत सामान्य आणि सर्वांत महागात पडणारी सवय म्हणावी लागेल. अतिनील किरणांचा परिणाम साठत जातो. आज अर्धा तास, उद्या एक तास, असे करत हंगामाअखेर उड्डाणाच्या तासांइतकेच ऊन कापडाने जमिनीवर खाल्लेले असते. वारा आला नसेल तर ग्लायडर गुंडाळून सावलीत ठेवावा.

हंगामाच्या सुरुवातीला गवत वाळलेले असते आणि त्याची कुसळे दोऱ्यांमध्ये अडकतात. नाकतोडे आत राहून गेले तर कापड कुरतडून बाहेर पडतात, म्हणून पॅक करण्यापूर्वी आत एकदा नजर टाकावी. फेब्रुवारीनंतर वणवे लागलेल्या उतारांवर जळक्या झुडपांची टोकदार खुंटे उरतात आणि ती कापड फाडतात. जमीन अजून धुमसत असेल तर एखादी ठिणगी दोरी वितळवण्यास पुरेशी आहे. अशा उतारावर ग्लायडर पसरूच नये. भिलारच्या स्ट्रॉबेरीच्या शेतांत किंवा वाईकडच्या उसात उतरण्याची वेळ आलीच, तर ग्लायडर ओढत बाहेर काढू नये. तो गोळा करून उचलावा, कारण ठिबकच्या नळ्या, कुंपणाच्या तारा आणि उसाची धारदार पाने यांत दोऱ्यांचे नुकसान उतरण्याच्या क्षणापेक्षा ओढण्यात जास्त होते. (शेतकऱ्याची परवानगी घेणे आणि वाफे न तुडवणे ही गोष्ट वेगळी, पण तितकीच महत्त्वाची.) धोम जलाशयात ग्लायडर पडलाच, तर पाण्याने भरलेले कप्पे पुढून उचलू नयेत. मागची कड धरून पाणी तोंडांतून वाहू द्यावे.

मळलेला ग्लायडर धुण्यासाठी साबण, डिटर्जंट, ब्रश आणि वॉशिंग मशीन पूर्ण वर्ज्य आहेत. डाग फारच खटकत असेल तर साधे पाणी आणि मऊ स्पंज एवढ्यावर थांबावे. तांबडा डाग उड्डाणात काही बिघडवत नाही. तो घासून काढताना गेलेला लेप मात्र परत येत नाही.

ग्लायडर मागे राहतो, एका बाजूला ओढतो

चांगला वारा असूनही ग्लायडर डोक्यावर यायला वेळ लावतो, मागे लटकल्यासारखा राहतो, लँडिंगला नेहमीपेक्षा लवकर वेग गमावतो किंवा बिग इअर्स, म्हणजे खाली येण्यासाठी मुद्दाम दुमडलेली ग्लायडरची टोके, सोडल्यावर ती उघडायला उशीर होतो, अशी लक्षणे दिसली की पायलट प्रथम वाऱ्याला आणि मग स्वतःच्या तंत्राला दोष देतो. कधी ते खरेही असते. पण ग्लायडर काही वर्षे वापरलेला असेल, तर दोऱ्यांची लांबी बदललेली असण्याची शक्यता आधी तपासावी. उड्डाणात पुढच्या, म्हणजे ए आणि बी ओळींतील दोऱ्यांवर जास्त भार येतो, म्हणून त्या किंचित ताणल्या जातात. मागच्या ओळींवर आणि ब्रेकवर (मागची कड ओढणाऱ्या दोऱ्यांवर) भार कमी असल्याने डायनिमाच्या दोऱ्या, विशेषतः भिजून सुकल्यावर, आखडतात. फरक थोड्या सेंटिमीटरचाच असतो, परंतु त्याने विंगचा हवेशी होणारा कोन वाढतो, वेग कमी होतो आणि ग्लायडर डीप स्टॉलच्या, म्हणजे पुढे न उडता पॅराशूटसारखा खाली येण्याच्या स्थितीकडे झुकतो. कापड जुने होऊन हवा आरपार जाऊ देत असेल, तर हा धोका आणखी वाढतो.

यावर घरगुती उपाय नाही. तपासणी केंद्रात प्रत्येक दोरी ठरावीक ताणाखाली, बहुधा लेझरने मोजली जाते, उत्पादकाच्या तक्त्याशी ताडून पाहिली जाते आणि रायझरजवळच्या, म्हणजे दोऱ्या हार्नेसला जोडणाऱ्या पट्ट्यांजवळच्या, कड्यांवरील फास बदलून फरक भरून काढला जातो. त्याच वेळी कापडाची सच्छिद्रताही मोजतात: ठरावीक आकारमानाची हवा कापडातून जायला किती सेकंद लागतात ते उपकरण दाखवते. नव्या कापडाला काहीशे सेकंद लागतात, तर हा आकडा दहा-पंधरा सेकंदांवर आला की बहुतेक उत्पादक तो ग्लायडर उडवण्यास योग्य मानत नाहीत. कापडावर तोंड लावून फुंकर मारून पाहण्याची पद्धत मनाच्या समाधानापलीकडे काही सांगत नाही. तपासणीची मुदत बहुतेक पुस्तिकांत शंभर तास किंवा एक ते दोन वर्षे, यांपैकी जे आधी येईल ते, अशी दिलेली असते. आपल्या ग्लायडरची नेमकी मुदत त्याच्याच पुस्तिकेत पाहावी.

ग्लायडर सतत एका बाजूला ओढत असेल तर मात्र तपासाचा क्रम उलटा, म्हणजे सोप्याकडून अवघडाकडे ठेवावा. हार्नेसचे पट्टे दोन्ही बाजूंना सारखे आहेत का, दोरीत काडी किंवा गाठ अडकली आहे का, दोन्ही ब्रेकची लांबी एकसारखी आहे का, हे आधी पाहावे. यांत काही सापडले नाही आणि अलीकडे झाडावर उतरणे झाले असेल, तर डाव्या-उजव्या दोऱ्या जोडीने ताणून तुलना करावी. फरक दिसला तर पुढचे काम पुन्हा तपासणी केंद्राचे.

ब्रेक आखडून घेणे ही याच प्रकारातली चूक आहे. हँडल जवळ हवे म्हणून काही जण गाठ वर सरकवतात. हात पूर्ण वर असताना ब्रेकची दोरी थोडी सैल, मागे कमानदार झुकलेली दिसली पाहिजे. ती ताठ असेल तर मागची कड कायम ओढलेली राहते आणि स्पीड बार, म्हणजे वेग वाढवण्यासाठी पायाने दाबायची दांडी, दाबल्यावर हा दोष अधिक धोकादायक होतो. स्पीड बारची दोरीही इतकी आखूड नसावी, की पाय न लावताच रायझर खाली ओढले जातील.

आवरणाची दोरी आवरण फाटून आतला गाभा दिसू लागला की बदलावी. गाठ मारून किंवा चिकटपट्टी लावून ती चालवू नये. कापडातील शिवणीपासून दूर असलेले छोटे छिद्र मात्र चिकट रिपस्टॉपचे तुकडे दोन्ही बाजूंनी, कोपरे गोल कापून लावल्यास व्यवस्थित बंद होते.

रिझर्व्ह आणि हार्नेस

रिझर्व्हकडे दुर्लक्ष होते, कारण ते वापरले जात नाही. पण महिनोन्महिने दाबून ठेवलेल्या कापडाच्या घड्या एकमेकांना चिकटतात, दोऱ्या धरणारी रबरे चिवटपणा सोडून तुटकी होतात आणि दमट हवेत हे सगळे लवकर घडते. बहुतेक उत्पादक सहा ते बारा महिन्यांनी पुन्हा पॅक करण्यास सांगतात. आपल्याकडे पावसाळा संपल्यावर, कोरडी हवा सुरू होताच हे काम करावे आणि त्याआधी रिझर्व्ह एक दिवस घरात उघडे पसरून हवेशीर करावे. रिझर्व्हचे आयुष्य बहुधा दहा ते बारा वर्षे धरलेले असते. युरोपीय मानक ईएन १२४९१ नुसार कमाल भाराखाली खाली येण्याचा वेग सेकंदाला ५.५ मीटरच्या आत असावा लागतो. हार्नेस, पाणी, कॅमेरा धरून आपले एकूण वजन त्या कमाल भारापुढे गेले असेल, तर ही हमी उरत नाही.

नवे रिझर्व्ह किंवा नवा हार्नेस घेतल्यावर दोन्ही एकत्र चालतात की नाही हे न पाहणे, ही माझ्या मते सर्वांत गंभीर चूक आहे. हँडल आणि आतील पिशवी जोडणारा पट्टा आखूड असेल, तर पिना सुटण्यापूर्वीच पिशवीवर ताण येतो आणि हँडल कितीही ओढले तरी रिझर्व्ह बाहेर येत नाही. म्हणून हार्नेस भक्कम तुळईला टांगून, त्यात बसून, ज्या हाताने ओढायचे त्याच हाताने रिझर्व्ह प्रत्यक्ष बाहेर काढून पाहावे. एका जाणकाराने शेजारी उभे राहून पिना, वेल्क्रो आणि जोडपट्टा कसे वागतात ते बघावे.

हार्नेस आणि रायझर जोडणारा कॅराबिनर (धातूची कडी) उंचावरून दगडावर पडला असेल तर तो बाद करावा. ॲल्युमिनियमचे कॅराबिनर थकव्याने, आधी कसलीही ठळक खूण न दाखवता तुटू शकतात, म्हणून उत्पादकाने दिलेल्या वर्षांनंतर किंवा तासांनंतर ते बदलणेच योग्य ठरते. टँडेम, म्हणजे प्रवाशाला सोबत घेऊन उड्डाणे, चालवणाऱ्यांचे तास भराभर वाढतात, त्यामुळे त्यांनी हा हिशेब अधिक काटेकोर ठेवावा. आदळलेल्या हेल्मेटचेही तसेच आहे.

जुना ग्लायडर विकत घेताना "फक्त पन्नास तास उडालाय" या वाक्यावर विसंबू नये. आतल्या कप्प्यावर शिवलेल्या किंवा छापलेल्या पट्टीवर मॉडेल, आकार, वजनाची मर्यादा आणि बहुधा उत्पादनाची तारीख असते. ती वाचावी, अलीकडचा तपासणी अहवाल मागावा, त्यातील सच्छिद्रतेचे आकडे आणि दोऱ्यांचे मोजमाप पाहावे, आणि अहवाल नसेल तर तपासणीचा खर्च व दोऱ्यांच्या नव्या संचाची किंमत धरूनच भाव ठरवावा.