१२ तास की २४ तास? अ‍ॅपमध्ये वेळ दाखवताना या चुका टाळा

अ‍ॅपमध्ये वेळ चुकीची दिसते तेव्हा बऱ्याचदा आकडेमोड बरोबर असते, चुकलेला असतो तो फॉरमॅट.

सगळ्यात जास्त त्रास देते ती भाषेवरून घड्याळ ठरवण्याची सवय. मराठी लोकेलमध्ये (भाषा आणि प्रदेशाच्या सेटिंगमध्ये) १२ तासांचं घड्याळ येतं, हे खरं. पण रेल्वेच्या वेळापत्रकावर २४ तासांची वेळ वाचणारे कितीतरी जण फोनवरही तेच घड्याळ लावतात. अशा वेळी माणसाने स्वतः केलेली सेटिंगच पाळायला हवी. अँड्रॉइडवर ‘गेट-टाइम-फॉरमॅट’ या फंक्शनला कॉन्टेक्स्ट (अ‍ॅपच्या चालू स्थितीचा संदर्भ) द्या, ते ही सेटिंग वाचतं. मात्र त्यातून मिळणारा फॉरमॅटर, म्हणजे वेळेचा मजकूर बनवणारा घटक, कायमचा साठवू नका. अ‍ॅप मागे असताना सेटिंग बदलली, तर परत आल्यावर जुनंच घड्याळ दिसत राहतं. अ‍ॅप पुन्हा समोर येताना चालणाऱ्या ‘ऑन-रिझ्यूम’मध्ये तो नव्याने घ्या. आयफोनवर ‘टाइम-स्टाइल’ शॉर्ट ठेवलं की काम भागतं.

हाताने पॅटर्न (वेळेचा अक्षरांतला साचा) लिहिणाऱ्यांची गाडी एका अक्षरावर अडते. इंग्रजी स्मॉल एच म्हणजे १ ते १२, कॅपिटल एच म्हणजे ० ते २३. कॅपिटल के ० ते ११ आणि स्मॉल के १ ते २४. जावात स्मॉल एच वापरून एएम-पीएमचं ‘ए’ विसरलात, तर १४:३० चे ०२:३० छापले जातात. त्याच पॅटर्नने ‘१२:३०’ वाचायला दिलं, तर जावाचं सिंपल-डेट-फॉरमॅट त्याचे ००:३० करतं. ही चूक सकाळी दहाला तपासून सापडत नाही, कारण ती दुपारी बारानंतर किंवा मध्यरात्री बारा ते एकमध्येच दिसते. म्हणून टेस्टमध्ये ००:००, ००:३०, ११:५९, १२:००, १२:३०, १३:०० आणि २३:५९ या वेळा असायलाच हव्यात.

वेबवर ब्राउझरला फोनमधली २४ तासांची सेटिंग भरवशाने मिळत नाही. प्रोफाइलमध्ये ‘आपोआप, १२ तास, २४ तास’ असे तीन पर्याय द्या. २४ तासांसाठी जावास्क्रिप्टमध्ये ‘अवर-१२’ फॉल्स करू नका. अमेरिकन इंग्रजीत काही ब्राउझर त्यामुळे मध्यरात्र २४:०० दाखवतात. ‘अवर-सायकल’ला एच-२३ द्या.

पडद्यावरचा मजकूर पुन्हा वेळ म्हणून वाचू नका. सीएलडीआर (भाषांनुसार तारीख-वेळेचे साचे देणारा डेटासंच) ४२ मध्ये इंग्रजी वेळेत पीएमच्या आधी साध्या स्पेसऐवजी अरुंद, न तुटणारी स्पेस आली आणि जावा २० वर मजकुरातून वेळ वाचणारे जुने पार्सर अडकले. डोळ्यांना दोन्ही स्पेस सारख्याच दिसतात, त्यामुळे कारण शोधताना दमछाक होते. सर्व्हरकडे आयएसओ ८६०१ (तारीख-वेळ लिहिण्याचा आंतरराष्ट्रीय साचा) मधलीच वेळ पाठवा. आयफोनवर अशी ठरावीक साच्यातली वेळ डेट-फॉरमॅटरने वाचताना लोकेल ‘यूएस पॉझिक्स’ (वापरकर्त्याच्या सेटिंगने न बदलणारं) ठेवा, नाहीतर घड्याळाची सेटिंग बदलताच उत्तर रिकामं येऊ शकतं.

मराठीत ‘पहाटे ५:३०’ लिहितो, म्हणजे शब्द आधी आणि आकडा नंतर. इंग्रजीत एएम शेवटी. तुकडे जोडून वाक्य बनवलं की एका भाषेत ते विस्कटतंच. क्रम लोकेलवर सोडा आणि रकाना ‘संध्याकाळी ७:५९’ इतकी लांबी मावेल एवढा रुंद ठेवा.