वाटेची खबर देण्याआधी: तयारीची यादी

अमेरिकेतल्या दोन जोडून असलेल्या सायकलवाटांची ही गोष्ट. पिट्सबर्गहून कंबरलंडपर्यंत ग्रेट अलेगेनी पॅसेज, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी जीएपी: १५० मैल, चुनखडीची बारीक कच दाबून बसवलेली वाट. कंबरलंडपासून वॉशिंग्टनमधल्या जॉर्जटाउनपर्यंत सी अँड ओ कालव्याचा टोपाथ, म्हणजे कालव्याच्या काठाची वाट: १८४.५ मैल, बराचसा मातीचा. मिळून साधारण ५४० किलोमीटर. जीएपी पावसानंतर लवकर सावरते. टोपाथला वेळ लागतो. म्हणून मागून येणारा सायकलवाला विचारतो, सध्या वाट कशी आहे? उत्तर येतं, ‘ठीक आहे, थोडा चिखल आहे.’ कधी होता तो चिखल? काल, की गेल्या आठवड्यात? नेमकं तेवढंच लिहिलेलं नसतं.

तेव्हा यादीत सगळ्यात वर तारीख. वाट ज्या दिवशी पाहिली ती तारीख, खबर लिहायला बसलात त्या दिवसाची नव्हे. हे दोन दिवस एक नसतात. कंबरलंडहून निघालेला माणूस पाच-सहा दिवसांनी जॉर्जटाउनला पोचतो, घरी जातो, कपडे धुतो, आणि मग निवांत बसून सगळ्या टोपाथची खबर एका दमात लिहितो. तोवर कंबरलंडकडचा भाग पाहून आठवडा उलटलेला असतो आणि वाचणारा समजतो की हे आजचंच आहे. म्हणून एका खबरेला एक तारीख पुरत नाही. दर टप्प्याला त्याची त्याची तारीख लावा.

महिन्याचं नाव अक्षरात लिहा. ४/५ लिहिलंत तर अमेरिकन माणूस एप्रिलची ५ तारीख वाचतो, बाकीचे मेची ४. वसंतात त्या एका महिन्यात ही वाट ओळखू येणार नाही इतकी बदलते. वेळही टाका. हिवाळा सरताना जीएपीवर रात्री जमीन गोठते आणि सकाळी आठला वाट दगडासारखी लागते. दुपारी वरचा थर वितळतो, खालचा गोठलेलाच राहतो, पाण्याला झिरपायला जागा उरत नाही आणि कच भुसभुशीत होते. सकाळी पाहिलेल्याने ‘टणक’ लिहिलं, दुपारी पाहिलेल्याने ‘रुतते’ लिहिलं. दोघेही खरं बोलत असतात.

सायकल, पंप, पंक्चरचं सामान, दिवे यांबद्दल इथे काही सांगत नाही. खबरेसाठी वेगळं लागतं ते थोडंच. खिशात मावेल अशी वही आणि पेन्सिल. ओल्या कागदावर बॉलपेन उठत नाही. फोनमध्ये आधीच उतरवून घेतलेला नकाशा, कारण टोपाथवर पॉ पॉ गावाजवळच्या नदीच्या वळणांत सिग्नलच्या भरवशावर राहता येत नाही. पाच-सहा इंचांची पट्टी, किंवा पेन्सिलवरच सेंटीमीटरच्या खुणा. आणि निघण्याआधी टायरच्या कडेवर छापलेली रुंदी वाचून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. बहुतेकांना आपल्या टायरची रुंदी पाठ नसते, आणि मग ते ‘जाडसर आहेत’ असं लिहून मोकळे होतात.

वहीत दर पानाच्या डोक्यावर तारीख. पान उलटलं की पुन्हा तारीख. कंटाळा येतो, तरी लिहा. संध्याकाळी तंबूत बसून ‘हे काल होतं की परवा?’ सुरू झालं की खबर तिथेच संपली.

तारखेच्या खालोखाल पाऊस. शेवटचा पाऊस कधी थांबला आणि साधारण किती पडला, एवढं एक वाक्य पुरे: ‘सोमवारी रात्री जोराचा पाऊस, मंगळवारी ऊन, बुधवारी दुपारी पाहिलं.’ एवढ्यावर वाचणारा आपलं गणित स्वतः करतो. टोपाथ पोटोमॅक नदीच्या काठाने जातो, तिथे मात्र आणखी एक भानगड आहे. वर डोंगरात पडलेला पाऊस खाली नदीतून उशिरा पोचतो. तुमच्या डोक्यावर निरभ्र आकाश असतं आणि टोपाथचा सखल भाग पाण्याखाली जातो. पाणी चढतंय की उतरतंय, तेही म्हणून लिहा. उतरत असेल तर मागे काय राहिलंय ते पाहा. पूर ओसरल्यावर बारीक गाळाचा थर बसतो, वरून वाळून त्याला भेगा पडतात आणि लांबून तो टणक दिसतो. पण खपलीखाली तो ओलाच असतो, पुढचं चाक बघता बघता आडवं सरकतं. ‘कोरडं’ लिहिण्याआधी उतरा आणि टाच दाबून बघा.

आता जागा. ‘मैल १६ला झाड पडलंय’ हे वाक्य या वाटेवर दोन ठिकाणी लागू पडतं. जीएपीचा शून्य मैल कंबरलंडला आहे आणि आकडे पिट्सबर्गकडे वाढतात. टोपाथचा शून्य जॉर्जटाउनला आणि आकडे कंबरलंडकडे वाढतात. जीएपीचा १६वा मैल म्हणजे फ्रॉस्टबर्ग, टोपाथचा १६वा मैल ग्रेट फॉल्सच्या थोडा पुढे. दोन्हींत तीनशे किलोमीटरच्या आसपास अंतर. तेव्हा आधी वाटेचं नाव, मग मैल, तोही दशांशात: टोपाथवर मैलाचा खांब १२४ ओलांडून चार-पाच मिनिटं झाली असतील तर ‘१२४.५च्या सुमारास’. ‘हँकॉकच्या आधी’ (हँकॉक हे तिथलं गाव) असं लिहू नका. आधी म्हणजे कुठून येणाऱ्याच्या आधी? डावीकडे-उजवीकडेही नको, समोरून येणाऱ्याला ते उलटं होतं. टोपाथवर सोपा उपाय हाताशी आहे: एका अंगाला नदी, दुसऱ्या अंगाला कालवा. ‘नदीकडची चाकोरी फुटली आहे, कालव्याकडून जा’ हे कुठूनही येणाऱ्याला कळतं.

हँकॉकचं नाव निघालंच आहे तर हेही. बिग पूलपासून लिटल ऑर्लिन्सपर्यंत टोपाथला समांतर डांबरी वाट आहे, वेस्टर्न मेरीलँड रेल ट्रेल. चिखल असला की शहाणी माणसं तिच्यावर चढतात, आणि मग लिहितात, ‘हँकॉकजवळ वाट झकास.’ डांबर झकास असणारच. तुम्ही कोणत्या वाटेवर होतात ते सांगा, आणि टोपाथ पाहिला नसेल तर ‘टोपाथ पाहिला नाही’ असं स्पष्ट लिहा. न पाहिलेल्या भागाबद्दल गप्प बसलं की वाचणारा तो चांगला धरून चालतो.

मग पृष्ठभाग. ‘खराब’, ‘बरा’, ‘चालेल’ हे शब्द बाद. काय आहे, किती खोल आहे आणि किती लांब आहे, एवढं सांगा. पातळ चिखल असेल तर चाक त्यातून जातं, अंगावर उडतो, बाकी काही होत नाही. चिकट चिकणमाती वेगळी: ती मळलेल्या कणकेसारखी टायरला गुंडाळते, मडगार्डखाली साचते आणि शेवटी चाक फिरायचंच थांबतं. मग काडीने उकरत बसायचं. म्हणून ‘चिखल’ एवढ्यावर थांबू नका. ‘मडगार्डमध्ये अडकतो’ किंवा ‘अडकत नाही’ हे दोन शब्द जोडा. मडगार्डवाल्यांना सगळ्यात आधी तेच वाचायचं असतं. रिमला लागणारे ब्रेक असतील तर हा चिखल तिथेही दाटतो. डिस्कवाल्यांना हा त्रास कमी.

खोली पेन्सिलने मोजा. टायरची खूण पाच मिलिमीटर उमटली तर वाट मऊ आहे, दोन सेंटीमीटर उमटली तर जड आहे, रिम बुडत असेल तर उतरून ढकलायचं आहे. डबक्यांचं असं: पाणी किती खोल, तळ टणक की बुळबुळीत, आणि कडेने जायला जागा आहे का. टोपाथवर दोन चाकोऱ्या आणि मधे गवताची पट्टी असते. चाकोऱ्या भरल्या असतील आणि गवतावरून जाता येत असेल तर तसं लिहा. मुळं असतील तर ती वाटेला आडवी आहेत की तिरकी, हे महत्त्वाचं. ओल्या तिरक्या मुळावर चाक घसरतं. शरदात पानगळीखाली मुळं आणि खड्डे दिसतच नाहीत, तेव्हा ‘पानं पडली आहेत’ ही खबर किरकोळ समजू नका. उलट टोकाची गोष्ट म्हणजे नवी कच. टोपाथच्या काही टप्प्यांवर चुनखडीची कच टाकून तो सुधारलाय. कच ताजी असेल, अजून दाबली गेली नसेल, तर दिसायला सुंदर आणि चालवायला वाळूसारखी. पुढचं चाक भरकटतं. पाऊस आणि रोलर मिळाला की तीच कच बसते. म्हणजे पुन्हा कधी पाहिलीत तेच आलं. तारीख!

हे सगळं कोणत्या सायकलवरून पाहिलं, त्याशिवाय आकडेही लंगडे पडतात. टायरची रुंदी, सामान किती, मडगार्ड होते का. ५० मिलिमीटरच्या टायरवर रिकाम्या सायकलने जाणाऱ्याचं ‘काही त्रास नाही’ हे २८ मिलिमीटरवर पंधरा किलो लादलेल्याला खड्ड्यात घालतं. वेग लिहायचा असेल तर नुसता लिहू नका. ‘कोरड्यावर ताशी १८ जातो, इथे १० पडला’ असं लिहिलंत तर त्याला अर्थ आहे.

फोटो काढा, पण उभं राहून खाली बघत काढलेल्या फोटोत सगळे खड्डे सपाट दिसतात. गुडघ्यावर बसा, वाटेच्या लांबीच्या दिशेने काढा, शेजारी पाण्याची बाटली ठेवा म्हणजे माप कळेल. एक फोटो जवळचा, एक मैलाच्या खांबासकट. आणि फोटोत वेळ-जागा आपोआप साठते म्हणून निर्धास्त राहू नका: व्हॉट्सअॅपवरून नेहमीच्या पद्धतीने फोटो गेला की ती माहिती गळून पडते, आणि फोटो पुढे पुढे जात राहतो. सहा आठवड्यांनी तोच चिखल ‘आत्ताचा’ म्हणून फिरतो. फोटोखाली हाताने टाइप करा: वाट, मैल, तारीख, वेळ. जमल्यास फोटोवरच लिहा, म्हणजे कितीही वेळा पुढे गेला तरी तारीख सोबत जाईल.

तारीख नसलेलं टिपण किती टिकतं, त्याला टोपाथवरच्या बिग स्लॅकवॉटरचं उदाहरण आहे. मैल ८५.६ ते ८८ दरम्यान कड्याला लागून जाणारा हा तुकडा १९९६च्या पुरांनी उखडला होता. लोक रस्त्याने वळसा घालून जात. २०१२मध्ये तिथे काँक्रीटची वाट होऊन तो पुन्हा उघडला. त्याआधीचं बिनतारखेचं टिपण आज कुणाच्या हाती लागलं तर तो विनाकारण मोटारींच्या रस्त्यावर जाईल.

बंद असलेल्या भागांबाबत दोन गोष्टी वेगळ्या ठेवा: अधिकृतपणे बंद, आणि तुम्हाला जाता आलं नाही. फलक असेल तर त्याचा फोटो घ्या, फलकावरची तारीखही वाचता यावी. वळसा कुठून कुठे, किती मैलांचा, चढ किती. जीएपीवरचा बिग सॅव्हेज बोगदा साधारण डिसेंबरपासून एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत बंदच असतो. ती बातमी नव्हे, तो उघडल्याचा दिवस ही बातमी. टोपाथवरचा पॉ पॉ बोगदा ३,११८ फूट लांब आणि आत अंधार. तिथे सायकल ढकलायची असते, तेव्हा आत डबकी आहेत का आणि कठडा शाबूत आहे का, एवढं सांगा.

आडवं झाड: खोड किती जाड, खालून जाता येतं की वरून उचलावं लागतं, सामान उतरवावं लागलं का, एकट्याला जमलं का. वाट खचली असेल तर सायकलवाल्यांना सांगण्याआधी वाट सांभाळणाऱ्यांना कळवा. टोपाथ नॅशनल पार्क सर्व्हिसकडे आहे. त्यांनाही तारीख आणि वेळ लागतेच, कारण झाड काल कापून झालेलं असू शकतं.

पाठवताना: सिग्नल मिळाला की त्याच संध्याकाळी पाठवा, प्रवास संपायची वाट बघू नका. पहिल्या ओळीत वाट, मैल, पाहिल्याची तारीख, शेवटचा पाऊस. बाकी खाली. दुसऱ्याकडून ऐकलेलं असेल तर ‘ऐकलेलं’ असं लिहा, आणि त्याने कधी पाहिलं ते त्याला विचारून घ्या. अनोळखी लोकांचे चेहरे फोटोत नकोत.

नंतर: वाळलं तर वाळल्याचं कळवा, झाड हटलं तर हटल्याचं. आपल्या जुन्या खबरेवर ‘जुनी’ असं लिहा, पुसू नका. पाऊस पडल्यावर कोणता तुकडा आधी बिघडतो ते त्यातून कळतं. टोपाथवर हातपंप बंद असेल किंवा त्याचा दांडा काढलेला असेल तर तेही, मैल आणि तारखेसकट.