वर्षभरासाठी परदेशी चालले? आधी वावराचं पाहा

तिकिटाच्या आधी पासपोर्ट काढून पाहा भाऊ, बहुतेक देशांले त्याच्यात 6 महिने शिल्लक लागतात. नवीन काढाचा असन तर साध्या 36 पानांच्या पासपोर्टचे 1500 रुपये, पण आधार, टीसी अन जन्मदाखल्यावरचं नाव एकसारखं पाह्यजे, माझ्या आधारवर ‘राव’ होतं अन टीसीवर नव्हतं, दीड महिना चकरा मारल्या!

आफ्रिकेतल्या पिवळ्या तापाच्या देशांत जायचं असन तर त्याची लस 10 दिवस आधी घ्या, ते कार्ड जन्मभर चालते.

आता खरी मेख. आपण तिकडं अन बँकेचा ओटीपी इकडल्या सिमवर, म्हणून सिम घरी ठेवू नका, रोमिंग चालू करून संगच न्या, अन रिचार्ज मरू देऊ नका. वावर भावाच्या भरवशावर सोडत असान तर नुसतं तोंडी नको, वकिलाकडून मुख्त्यारपत्र करून घ्या, नाहीतर पीककर्जाच्या कागदावर सही कोण करन? तूर विकल्यावर पैसा कोणाच्या खात्यात जाईन हेबी तेव्हाच ठरवा, मंग भांडण नको. नोकरीले चालले असान तर बँकेले सांगून खातं एनआरओ (परदेशी राहणाऱ्या भारतीयाचं इकडलं खातं) करा.

तिखट-मसाला चेक-इन बॅगीत, सीलबंद. लोणचं मात्र राहू द्या, तेल गळते.