लिमरिक फसते कुठे? या चुका टाळा

गेल्या मे महिन्यात सांगलीत भाच्याबरोबर लिमरिक, म्हणजे पाच ओळींची निरर्थक, गमतीची कविता, रचायला बसलो. विषय त्याचाच: तिखट भडंग खाऊन रडणारे सांगलीचे भाऊ. त्याने घरात वाचून दाखवली, कोणी हसलं नाही. मग दुरुस्ती सुरू झाली.

पहिला घोळ मापाचा. पहिली, दुसरी, पाचवी ओळ लांब, त्यांचं यमक एक. तिसरी-चौथी आखूड, त्यांचं यमक वेगळं. भाच्याची तिसरी ओळ होती, ‘मग त्यांच्या डोळ्यांतून खूप पाणी वाहायला लागलं’. टाळ्यांवर म्हणायला लावली. टाळ्या संपल्या, ओळ उरली! मी लांब ओळीला 16 आणि आखूड ओळीला 8 मात्रा ठेवतो. नियम नव्हे, सोय.

दुसरी चूक खरी घातक: निरर्थक म्हणजे वाट्टेल ते, असं समजणं. शेवटी त्याने विमानात बसलेला हत्ती आणला होता. भडंगाशी हत्तीचा काय संबंध? वेडेपणालाही आतून धागा लागतो. तोंड पोळलं की गार हवं, आणि कृष्णेत मगरी तर आहेतच. दुरुस्तीनंतर ती अशी झाली:

सांगलीतले भाऊ भोळे,
भडंग खाउन पुसती डोळे.
अश्रू झरले,
पात्रच भरले,
मगरी विकती सरबत, गोळे!

बनावट शब्दांचंही तसंच. इंग्रज लेखक लुईस कॅरोलच्या 1871 मधल्या ‘जॅबरवॉकी’ या कवितेत कितीतरी शब्द बनावट होते, पण इंग्रजी व्याकरण शाबूत होतं. ‘टोंबळ्याने लुचकं भिरकुटलं’ म्हणा. अर्थ शून्य, तरी कोणी कोणाला काय केलं ते कळतं. विभक्ती मोडली की मजा गेली. ‘अरिंग मिरिंग लवंगा चिरिंग’ मात्र नुसत्या तालावर तरतं, पण ते पिढ्यान्‌पिढ्या तोंडात घोळलेलं. आपल्याला ती चैन परवडत नाही.

इंग्रज कवी एडवर्ड लिअरचं लिमरिकांचं पुस्तक 1846 चं. तो पाचव्या ओळीत बऱ्याचदा पहिल्या ओळीचाच शेवटचा शब्द परत आणतो. मराठीत ही नक्कल करू नका. ऐकणाऱ्याला वाटतं, यमक संपलं.

पुढाऱ्याला चिमटा काढायचा असेल तर वात्रटिका लिहा, तिचा बाज वेगळा. आणि ‘म्हणून तिखट कमी खावे’ असली शेपटी? भाच्याने जोडली होती. खोडली.

परवा त्याने विचारलं, मामा, मगरी गोळ्यांचे पैसे ठेवतात कुठे? पुढची लिमरिक त्यावरच चालू आहे.