गाळाच्या गुहेत डायव्हिंग : या चुका टाळा

मेक्सिकोच्या युकातानमधल्या सेनोतेंचं, म्हणजे चुनखडीचं छत खचून उघड्या पडलेल्या पाणभरल्या गुहांचं, पाणी माणसाला फसवतं. चुनखडीतून झिरपून आलेलं हे पाणी इतकं नितळ असतं की दालनाचं दुसरं टोक टॉर्चच्या एका झोतात दिसतं. मालवणला किंवा नेत्राणीला डायव्हिंग शिकलेले आपले लोक इथल्या तुलुम गावी येतात तेव्हा त्यांना वाटतं, आपण गढूळ पाण्यात शिकलोय, इथे काय अवघड आहे? मालवणला डोक्यावर मोकळा समुद्र असतो, काही बिनसलं तर वर येता येतं. इथे डोक्यावर दगड आहे आणि तळाशी फिनच्या, म्हणजे पायातल्या वल्ह्यासारख्या पट्टीच्या, एका फटक्याने उठणारा गाळ. थायलंडच्या थाम लुआंग गुहेची २०१८ची सुटका आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे, किर्लोस्करांचे तंत्रज्ञ पाणी उपसायला तिथे गेले होते. पण तिथलं पाणी पुरामुळे आधीच चिखलाचं होतं. सेनोतेत चिखल तुम्ही करता.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक पायांची. समुद्रात सगळे पाय वरखाली मारतात. त्या पद्धतीत पाणी खाली ढकललं जातं आणि गाळ उठतो. गुहेत गुडघे वाकवून, फिन्स शरीरापेक्षा उंच ठेवून बेडकासारखे पाय मारायचे. अरुंद जागी तेही नाही, फक्त घोट्यापासून हलकी हालचाल किंवा बोटांनी दगड धरून पुढे सरकायचं. शरीर आडवं हवं. थांबायचं तेव्हाही आडवंच.

माझ्याकडे कोर्सला आलेला एक जण समुद्रातला चांगला अनुभवी होता. एका अरुंद बोळातून बाहेर पडल्यावर उरलेली हवा दाखवणारा गेज बघायला तो थांबला आणि सवयीने उभा झाला. फिन्स गाळात रुतले. मी त्याच्या मागेच होतो. टॉर्चमध्ये दिसणारे त्याचे पाय क्षणात गेले, मग सिलिंडर, मग सगळंच. लाइन, म्हणजे बाहेरची वाट दाखवणारी गुहेत बांधलेली दोरी, त्याच्या खांद्याजवळ होती, पण हातात नव्हती. ती पकडायला तो जोरजोरात पाय मारू लागला आणि अर्थातच गाळ वाढत गेला. मी एक हात लाइनवरून न काढता दुसऱ्या हाताने चाचपडत राहिलो. त्याचा दंड सापडला, तेव्हा त्याचा हात ओढून लाइनवर ठेवला आणि वरून दाबून धरला. श्वास खाली येईपर्यंत त्याला हलू दिलं नाही. मग दंड पुढे ढकलला, म्हणजे चल. बाहेर आल्यावर त्याचं पहिलं वाक्य होतं, ‘अहो, पण लाइन दिसत होती ना, एवढी जवळ होती!’

हीच दुसरी चूक, आणि माझ्या मते जास्त जीवघेणी. लाइन दिसते म्हणून ती आपल्याकडे आहे असं समजणं. लाइन डोळ्यांसाठी नाही, बोटांसाठी आहे. पाणी स्वच्छ असेल तर ती हाताच्या अंतरात ठेवा. गाळ उठतोय असं वाटताच, बघत न बसता, अंगठा आणि तर्जनीची गोल कडी तिच्याभोवती करा.

आणि लाइनची खात्री अनुभवी माणसालाही देता येत नाही. एप्रिल २०१७ मध्ये स्पेनच्या मायोर्का बेटावरच्या सा पिकेता गुहेत शिस्को ग्रासिया हा अनुभवी गुहा-डायव्हर आणि त्याचा जोडीदार परत येताना त्यांची लाइन हरवली. तुटली की निसटली, कळायला मार्ग नव्हता. गढूळ पाण्यात ती शोधण्यात त्यांचा जवळजवळ तासभर गेला आणि दोघांना पुरेल इतकी हवा उरली नाही. जोडीदार उरलेली हवा घेऊन बाहेर पडला. ग्रासिया गुहेतल्या एका हवेच्या पोकळीत सुमारे ६० तास अडकला. मदत उशिरा पोचली, कारण बचावपथकालाही त्या पाण्यात काही दिसत नव्हतं.

म्हणून माझा हट्ट असा. लाइनची पहिली गाठ उघड्या पाण्यात, जिथून थेट वर जाता येतं तिथेच. दुसरी थोडं आत. लाइन कधीही दगडाच्या अशा फटीत जाऊ द्यायची नाही जिथे ती शिरते पण माणूस शिरत नाही. फाट्यावर लाइनला बाणाची खूण लावायची, टोक बाहेरच्या दिशेला. हरवलेली लाइन शोधायचं स्पूल, म्हणजे दोरीचं छोटं रीळ, प्रत्येकाकडे वेगळं. लाइन हातून सुटली तर पोहायचं नाही. जिथे आहात तिथेच स्पूलची दोरी दगडाला बांधायची आणि मगच शोध सुरू करायचा. हे सगळं मी आधी जमिनीवर करून घेतो, झाडांमध्ये दोरी बांधून, डोळ्यांवर पट्टी बांधून. ‘हे झालं, आता पाण्यात जाऊया’ अशी घाई करणाऱ्याला त्या दिवशी मी पाण्यात नेत नाही.

काही दिसेनासं झालं की टॉर्च आणखी प्रखर करणं चूकच. आंबोली घाटात धुक्यात हेडलाइट अप्पर केल्यावर जे होतं तेच होतं. झोत लाइनजवळ, खाली धरा.

गुहेत कॅमेरा पहिल्या वर्षी नकोच.

टॉर्च तीन. दोन नाही.

उच्छ्वासाचे बुडबुडे छतावरची माती खाली पाडतात, त्यामुळे पाय कितीही नीट असले तरी परतीचं पाणी येतानाच्या पाण्यापेक्षा गढूळ धरूनच चला. गोडं पाणी खाऱ्याला भेटतं त्या थरात तर गाळ नसतानाही सगळं धूसर होतं.

हवेचा हिशेब. अमेरिकी गुहा-डायव्हर शेक एक्सली यांनी १९७९ मध्ये अपघात तपासून जे नियम मांडले त्यात सलग लाइन आणि तिसऱ्या हिश्श्याची हवा हे दोन होतेच. एक हिस्सा जायला, एक यायला, एक अडचणीसाठी. गाळात चाचपडत बाहेर यायला आत जाण्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो, म्हणून गाळाच्या फाट्यात मी सहाव्या हिश्श्यालाच वळतो. पुढे फार सुंदर आहे म्हणणाऱ्या जोडीदाराशी तिथे वाद घालत नाही, अंगठा वर करतो. एकाने अंगठा दाखवला की डाइव्ह संपली, कारण विचारायचं ते वर.

शेवटी ‘जरासं आत डोकावून येतो’वाले. मेक्सिकोत आणि फ्लोरिडात गुहांच्या तोंडाशी यमदूताचं चित्र असलेली पाटी असते. अशाच गुहांमध्ये तीनशेहून जास्त डायव्हर मेले आणि त्यांत खुल्या पाण्यातले प्रशिक्षकही होते, असं त्यावर लिहिलेलं असतं. त्या पाटीपलीकडे गुहेचा कोर्स न केलेल्या कोणालाही मी नेत नाही, पैसे कितीही देऊ करा. उजेडातल्या दालनांत, गाइडबरोबर, पक्क्या लाइनवर जरूर या, आणि तिथेही पाय आडवे ठेवा, कारण तुमच्या मागे दुसरा गट येत असतो.