‘फराळ’ लिहिलंत, पण कुठला? वेबसाइट करताना या चुका टाळा

गिरगावातल्या एका काकूंनी घरगुती फराळाची वेबसाइट करून घेतली. दिवाळी तोंडावर आली, तरी गूगलवरून एकही फोन नाही. ओट्याच्या कोपऱ्यावर लॅपटॉप ठेवून मी पान उघडलं. वर ठळक अक्षरात ‘चव परंपरेची, माया घरची’. चकली, चिरोटे, अनारसे आणि भाव असलेलं सगळं एका रंगीत चित्रात. मजकूर म्हणून ‘चकली’ हा शब्द पानावर एकदाही नव्हता.

सर्च इंजिन आपण विचारल्यावर इंटरनेट धुंडाळायला निघत नाही. पानं आधीच वाचून त्यानं शब्दसूची करून ठेवलेली असते, पुस्तकाच्या शेवटी असते तशी: शब्द, आणि तो कुठल्या पानांवर आहे. आता ते नुसते शब्द जुळवत नाही, अर्थही लावतं. 2019च्या अखेरीस गूगलनं ‘बर्ट’ ही वाक्याचा संदर्भ ओळखणारी पद्धत 70हून जास्त भाषांत आणली. पण अर्थ लावायला आधी मजकूर हवा ना! चित्रातली अक्षरं वाचली जातीलच या भरवशावर धंदा ठेवू नका.

चित्राऐवजी पीडीएफ टाकणारे याहून फसतात. मेनू छापखान्यात जुन्या, युनिकोड (प्रत्येक अक्षराला ठरलेला प्रमाण संकेत) नसलेल्या फाँटात बसवलेला असतो. डोळ्यांना स्वच्छ मराठी दिसते, आत मात्र भलत्याच खुणा असतात. तपासायला मिनिट लागत नाही: पीडीएफमधली एक ओळ कॉपी करून व्हॉट्सअ‍ॅपमध्ये पेस्ट करा. गिचमिड उमटली, तर सर्च इंजिनलाही बहुधा तीच दिसते.

मग शब्दांची निवड. नुसतं ‘फराळ’ लिहिलं तर चकली की साबुदाण्याची खिचडी? दिवाळीचा आणि उपासाचा, दोन्ही फराळच. शेजारी ‘दिवाळी’, ‘करंजी’, ‘ऑर्डर’ असे शब्द आले की गोंधळ मिटतो. ‘स्वादिष्ट’, ‘उत्कृष्ट’ यांचा उपयोग फारसा नाही. जो शब्द सगळ्याच पानांवर, तो पान वेगळं काढायला कुचकामी. संगणकशास्त्रज्ञ कॅरन स्पार्क जोन्स यांनी 1972 मध्ये मांडलेला हा विचार शोधशास्त्रात अजून मुरलेला आहे. ‘चिरोटे’ वजनदार, ‘चविष्ट’ हलका. ग्राहक बऱ्याचदा रोमन लिपीत टाइप करतात, म्हणून पदार्थांची नावं एकदा तशीही द्या.

याचा अर्थ शब्द कोंबा असा नाही. वेबसाइट करून देणाऱ्यानं तळाला पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत चर्चगेटपासून विरारपर्यंतची स्टेशनं लिहून ठेवली होती. जणू स्लो लोकलच! गूगलच्या नियमांत ही सरळ फसवणूक आहे. पानाच्या कोडमध्ये दडवलेल्या कीवर्डच्या (शोधशब्दांच्या) यादीला क्रमवारीत काही किंमत नाही, हे तर गूगलनं 2009 मध्येच सांगितलंय.

आपल्याच फोनवर शोधून ‘पहिला नंबर आला’ म्हणू नका. निकाल जागेनुसार बदलतात. गिरगावात दिसतं ते बोरिवलीत दिसेलच असं नाही. आपलं पान शोधात कसं दिसतं ते दाखवणारं गूगलचं ‘सर्च कन्सोल’ बघा. आधी पान सूचीत आहे का ते. नसेल तर शब्दांवर डोकेफोड व्यर्थ. आहे, पण कुठल्याच शोधात दिसत नाही, तर बहुतेक शब्द चुकलेत. दिसतंय, पण कुणी उघडत नाही, तर आधी शीर्षक तपासा.

काकूंचं पान आम्ही नव्यानं लिहिलं. काही दिवसांनी कन्सोलमध्ये शोध दिसू लागले, त्यात एक होता ‘अनारसे का हसतात’. हा माणूस विकत घ्यायला नाही, तुपात अनारसा विरघळला म्हणून आलेला. ऑर्डर हवी असणारा वेगळं टाइप करतो, म्हणून तो शोध सोडून द्यावा असं माझं मत होतं. काकू कढईवरून मान वर न करता म्हणाल्या, “गूळ जास्त झाला असेल, तांदळाचं पीठ घाल म्हणावं.”

ते उत्तर आता पानावर आहे. खाली ऑर्डरीचा नंबर.